प्राण घेणारा आणि प्राण देणारी : ‘नोस्फेरातू’मधल्या अमरत्वाची किंमत

१९२१ साली बर्लिनमध्ये ‘प्राना फिल्म’ नावाची एक छोटी कंपनी निघाली. यातला ‘प्राना’ म्हणजे आपलाच ‘प्राण’. कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी आल्बिन ग्राउ हा चित्रकार होता आणि गूढविद्येच्या नादी लागलेला होता. त्या मंडळींत तेव्हा संस्कृत शब्दांची मोठी चलती होती. प्राण हे नाव लावणाऱ्या या कंपनीनं एकच चित्रपट पुरा केला, आणि तो दुसऱ्यांचे प्राण पिऊन तगून राहिलेल्या एका सरदाराचा निघाला. ४ मार्च १९२२ला बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारातल्या संगमरवरी सभागृहात त्याचा पहिला खेळ झाला. चित्रपटाचं नाव ‘नोस्फेरातू’, दिग्दर्शक फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाउ.

मी हा मूकपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा घाबरायच्या तयारीनंच बसले होते. घाबरलेही. पण दिवा लावल्यावर मनात उरली ती त्या काउंट ओर्लोकची केविलवाणी अवस्था. ज्याला मरण नाही त्याची आपल्याला कीव का यावी? या प्रश्नानं माझा बरेच दिवस पिच्छा पुरवला. रक्तपिशाच्चांच्या सगळ्या गोष्टींची किल्ली त्या प्रश्नात आहे असं मला आता वाटतं, म्हणून तो जमेल तितक्या सोप्या शब्दांत उलगडून सांगते.

आधी गोष्ट. ती कळल्यानं चित्रपटाची गोडी कमी होत नाही.

साल १८३८. विसबोर्ग नावाचं एक काल्पनिक जर्मन बंदर. तिथं थॉमस हुटर हा तरुण नॉक नावाच्या घरांच्या दलालाकडे कामाला आहे. एलेन ही त्याची बायको. सुरुवातीलाच हुटर बागेतली फुलं तोडून तिच्यासाठी आणतो, आणि ती हरखून जाण्याऐवजी विचारते, ‘इतकी सुंदर फुलं तू का मारलीस?’ हा प्रश्न लक्षात असू द्या. नॉक हुटरला दूर ट्रान्सिल्व्हेनियाच्या डोंगरात पाठवतो. तिथल्या काउंट ओर्लोकला विसबोर्गमध्ये घर घ्यायचं आहे. वाटेतल्या खाणावळीत ओर्लोकचं नाव काढताच सगळे चिडीचूप होतात. गढीवर जेवताना पाव कापता कापता हुटरचा अंगठा कापतो आणि काउंट त्या रक्तावर झेप घेतो. पुढं त्याच्या नजरेला एलेनचं छोटं चित्र पडतं. तो तिच्या गळ्याची तारीफ करतो आणि घराच्या कागदावर सही करतो. घर आहे हुटरच्या घरासमोरचंच.

मग ओर्लोक मातीनं भरलेल्या शवपेट्या घेऊन जहाजानं निघतो. एकेक करत खलाशी मरतात. जहाज बंदराला लागतं तेव्हा त्यावर जिवंत माणूस नसतो आणि पेट्यांतल्या मातीतून उंदीर बाहेर पडतात. गावात प्लेग सुरू होतो. एलेनला एका जुन्या पोथीत यावरचा उपाय सापडतो : निर्मळ मनाच्या स्त्रीनं आपणहून आपलं रक्त त्याला द्यावं आणि कोंबडा आरवेपर्यंत त्याला भान राहू देऊ नये. ती खिडकी उघडते. सूर्य उगवतो, ओर्लोकचा धूर होतो. एलेनही जाते.

आता हे भूत नक्की कुठल्या जातीचं? मराठी माणसाला भुतांची ओळख करून द्यावी लागत नाही. मुंजा, हडळ, खवीस, समंध यांच्या गोष्टी ऐकतच आपण मोठे होतो. त्यातल्या बहुतेकांचं सूत्र एकच असतं : देह गेला, वासना राहिली. सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर बसला. ओर्लोकचं याच्या नेमकं उलटं आहे. त्याचा देह गेलेलाच नाही, आणि तो टिकवण्यापलीकडे त्याला दुसरी वासना उरलेली नाही. जिथं प्रेताला अग्नी देतात तिथं हा प्रकार सुचणं अवघड. मेलेल्याला पुरतात तिथं मात्र एक शंका कायम मागं राहते की जमिनीखाली तो आत्ता कसा असेल?

या शंकेला सरकारी कागदाचं रूप मिळालं ते सर्बियात. १७१८च्या तहानंतर तिथला बराच मुलूख ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग सम्राटाकडे आला होता. १७२५ साली किसिल्येवो गावातला पेतर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला. त्याच्यामागोमाग आठ दिवसांत नऊ माणसं दगावली, आणि मरणापूर्वी त्यांनी पेतरनं येऊन आपला गळा दाबल्याचं सांगितलं. गावानं कबर उकरायचा हट्ट धरला. फ्रोमबाल्ड नावाच्या सरकारी अधिकाऱ्याला तिथं हजर राहावं लागलं. प्रेत ताजंतवानं दिसत होतं, जुनी कातडी सुटून खाली नवी आल्यासारखी वाटत होती, ओठांवर रक्त होतं. गावकऱ्यांनी छातीत खुंटी ठोकली आणि प्रेत जाळलं. फ्रोमबाल्डचा अहवाल व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आला. पुढं १७३२ साली मेद्वेजा गावच्या अशाच प्रकाराबद्दल योहान फ्ल्युकिंगर या लष्करी शल्यवैद्यानं रीतसर अहवाल लिहिला. तो युरोपभर वाचला गेला, आणि ‘व्हॅम्पायर’ हा शब्द इंग्रजी वर्तमानपत्रांत त्याच वर्षी पोचला.

त्या माणसांनी पाहिलं ते खोटं नव्हतं, लावलेला अर्थ चुकला होता. प्रेत कुजताना आत वायू साठतो, पोट फुगतं, म्हणून मेलेला माणूस जेवून तृप्त झाल्यासारखा दिसतो. वायूच्या दाबानं काळपट पातळ द्रव तोंडानाकातून बाहेर येतो, तो रक्तासारखा दिसतो. कातडी आक्रसली की नखं वाढल्यासारखी वाटतात. थंड जमिनीत खोल पुरलेलं प्रेत बरेच दिवस टिकतं. खुंटी ठोकली की कोंडलेला वायू घशातून निघताना कण्हल्यासारखा आवाज येतो. आणि एका घरातली माणसं एकापाठोपाठ एक जात, याचं कारण बहुतेक वेळा साथ हेच असे. १७५५ साली सम्राज्ञी मारिया थेरेझानं आपला वैद्य गेरार्ड फान स्वीटेन याच्या सल्ल्यावरून प्रेतं उकरायला बंदी घातली. अंधश्रद्धेविरुद्धचा इतका जुना आणि इतका स्पष्ट सरकारी हुकूम मला विशेष वाटतो.

गावातला हा फुगलेला, लालबुंद शेतकरी पुढं फिकट चेहऱ्याचा सरदार झाला तो साहित्यात. १८१५मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याच्या राखेनं पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, आणि जिनिव्हाच्या सरोवराकाठी काही इंग्रज तरुण मंडळी पावसामुळे घरात अडकून एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगत बसली. त्यांच्यातल्या जॉन पॉलिडोरी या तरुण डॉक्टरची रक्तपिशाच्चाची कथा १८१९ला छापली गेली. तिचा नायक उमराव होता. १८९७मध्ये ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ आली. (स्टोकरची सर रिचर्ड बर्टनशी ओळख होती. मुंबईच्या पलटणीत नोकरी केलेल्या, गोव्यावर पुस्तक लिहिलेल्या याच बर्टननं १८७०मध्ये आपली वेताळाची कथा इंग्रजीत नेली आणि ‘वेताळ’ला ‘व्हॅम्पायर’ हा शब्द वापरला. बर्टन बोलताना त्याचा सुळा कसा चमकून दिसे, हे स्टोकरनं आठवणीत लिहून ठेवलं आहे. आपला वेताळ मात्र रक्त पीत नाही, कोडी घालतो. गोव्यात तर तो गावाचा राखणदार देव आहे.)

सरदार झाल्यावर पिशाच्चाच्या गोष्टीला एक नवा अर्थ चिकटला. पडकी गढी, शेकडो वर्षांचं घराणं, गावकऱ्यांच्या जिवावर चालणारा वाडा : गॉथिक म्हणतात त्या कथांचा सगळा संसार हाच. त्यांत भूतकाळ संपत नाही, तो वर्तमानाच्या मानगुटीवर बसतो. अमर सरदार म्हणजे मानगुटीवर बसलेल्या भूतकाळाला फुटलेले हातपाय.

आता मूळ प्रश्नाकडे येते. अमरत्वाची किंमत म्हणजे नक्की काय?

रक्तपिशाच्चाच्या गोष्टीतले नियम आपल्याला लहानपणापासून ऐकून माहीत असतात. रात्रीच बाहेर पडायचं, पेटीत झोपायचं, स्वतःच्या मातीवरच निजायचं. हे नियम भीती वाढवायला ठेवलेले मसाले वाटतात. एकेक नियम नीट पाहिला तर मात्र प्रत्येक जण कसलीतरी वसुली करताना दिसतो. ओर्लोकला मरण नाही, पण त्याला ऊनही नाही. तो गावोगाव जाऊ शकतो, पण आपली कबर पाठीवर घेऊन. चित्रपटात तो स्वतःची शवपेटी काखोटीला मारून विसबोर्गच्या सुनसान रस्त्यांवरून जातो ते दृश्य पाहा. एवढा श्रीमंत, एवढा बलाढ्य, आणि स्वतःचं ओझं वाहणारा हमाल झालेला. पोथीत सांगितलंय की त्या पेट्यांतली माती जुन्या महामारीत मेलेल्यांच्या शेतातली, शापित माती आहे. म्हणजे ज्या मरणातून तो सुटला त्याच मरणावर त्याला रोज पाठ टेकायची आहे.

आणि सगळ्यात मोठी किंमत भूक. जिवंत माणसाला भूक लागते, तो जेवतो, मग काही काळ भुकेपलीकडचं जगतो. भांडतो, गातो, पोरांना खेळवतो. ओर्लोक भुकेपलीकडे कधी जातच नाही. संपूर्ण चित्रपटात तो कधी हसलेला मला आठवत नाही. तो नुसता पाहत राहतो. समोरच्या घरात एक जोडपं राहतं, आणि तो रिकाम्या वखारीच्या खिडकीचे गज धरून रात्रभर तिकडे टक लावून उभा असतो. ही वखार म्हणजे ल्युबेक शहरातली जुनी मिठाची गोदामं. ती आजही त्राव्ह नदीच्या काठी उभी आहेत. वस्तू नासू नये म्हणून लागणारं मीठ जिथं साठवत, तिथं हा न नासणारा माणूस. मुर्नाउनं हे ठरवून केलं की नाही सांगता येणार नाही, पण मला ती जागा फार चपखल वाटते.

आपल्या पुराणांना हा हिशेब नवा नाही. वाढदिवसाला ज्यांची नावं घेतो त्या सात चिरंजीवांत पहिला अश्वत्थामा, आणि त्याचं अमरत्व हा शाप आहे. कपाळावरची जखम घेऊन तो दारोदार तेल मागत फिरतो असं आजी सांगायची. पण ओर्लोकच्या जास्त जवळचा आहे ययाती. अकाली म्हातारपण आल्यावर त्यानं मुलाकडे तारुण्य मागितलं, पुरूनं ते दिलं, आणि हजार वर्षं भोग भोगूनही बापाची तहान तशीच राहिली. आपलं आयुष्य वाढवण्यासाठी दुसऱ्याचं घ्यावं लागतं, आणि घेतल्यावरही पुरत नाही, ही दोन्ही गोष्टींतली गाठ. फरक एवढाच की ययाती शेवटी थांबतो आणि तारुण्य परत करतो. ओर्लोकला थांबताच येत नाही.

का येत नाही, याचं उत्तर चित्रपटानं वर्गात दिलंय. मधेच एक प्राध्यापक, बुल्वर त्यांचं नाव, विद्यार्थ्यांना कीटक खाणारी वनस्पती दाखवतात. पानं मिटतात, माशी आत. मग भिंगाखाली एक पारदर्शक जलचर, सोंडांनी भक्ष्य ओढून घेणारा, जवळजवळ देहच नसलेला. तिकडे वेड्यांच्या कोठडीत नॉक माश्या पकडून खातोय आणि जाळ्यातल्या कोळ्याकडे बोट दाखवतोय. पहिल्यांदा पाहताना हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण तो गाभ्याचा आहे. मुर्नाउ सांगतोय की ओर्लोक सृष्टीबाहेरचा नाही, तो सृष्टीतल्या एकाच गोष्टीचा अतिरेक आहे. जगणारं सगळंच कुणाला तरी खाऊन जगतं, पण आपली पाळी आली की मरतं आणि मातीला देणं फेडतं. ओर्लोक खातो आणि आपली पाळी येऊ देत नाही. एलेननं फुलांबद्दल विचारलं तेव्हा तिला हेच खुपलं होतं, आणि तेही प्रेमानं आणलेल्या फुलांत.

ही देणेकऱ्याची वसुली शेवटी सूर्य करतो. सूर्यप्रकाशात रक्तपिशाच्च मरतो ही कल्पना आज इतकी रुळली आहे की ती प्राचीन असेल असं वाटतं. ती याच चित्रपटानं रूढ केली. स्टोकरचा काउंट दिवसा लंडनच्या रस्त्यांवर फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. मुर्नाउनं सूर्याला मारेकरी केलं आणि तेही केवळ चित्रपटाला शक्य अशा पद्धतीनं : उन्हाची तिरीप येते, देह विरळ होतो, जमिनीवर थोडा धूर. प्रकाशावर जगणाऱ्या कलेत प्रकाशानं मरणारा माणूस.

इथं एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर नवा प्रेक्षक गोंधळतो. त्या काळच्या फिल्मवर खरोखरच्या रात्री चित्रण करणं फार अवघड होतं. म्हणून रात्रीची दृश्यं भर दिवसा चित्रित करत आणि मग फिल्म रंगवत. रात्रीला निळी छटा, दिव्याच्या उजेडातल्या खोलीला पिवळी. पुढं अनेक वर्षं या चित्रपटाच्या नुसत्या काळ्यापांढऱ्या प्रती फिरत राहिल्या, आणि त्यांत ओर्लोक टळटळीत उन्हात पेटी घेऊन चाललेला दिसतो. लोक हसत. चूक प्रतीची होती.

प्लेगचा भाग मात्र आपल्याला कुणी समजावून द्यायला नको. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, ही आठवण महाराष्ट्राच्या घराघरांत आहे. स्टोकरची कादंबरी आली त्याच १८९७ साली पुणं प्लेगनं होरपळत होतं. विसबोर्गचा माणूस रस्त्यात ढोल वाजवून बंदीचा हुकूम वाचतो, दारांवर खडूनं फुल्या पडतात, अरुंद गल्लीतून शवपेट्यांची रांग जाते. १९२२च्या जर्मन प्रेक्षकाला हे काल्पनिक वाटलं नसणार. महायुद्धात जर्मनीचे सुमारे २० लाख सैनिक मेले होते, त्यावर १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ. मुर्नाउ स्वतः युद्धात विमान उडवत होता. एका माणसाच्या न मरण्यापायी गावच्या गाव मरतं, ही गोष्ट त्या पिढीनं वेगळ्या वेशात भोगलेली होती.

या चित्रपटावरचा एक आक्षेप टाळून पुढं जाणं बरोबर होणार नाही. पूर्वेकडून आलेला, बाकदार नाकाचा, उंदीर आणि रोग घेऊन येणारा परका : हे चित्र त्या काळच्या ज्यूद्वेषी व्यंगचित्रांशी जुळतं, असं अनेक अभ्यासकांनी दाखवून दिलंय, आणि मला ते पटतं. पटकथा लिहिणारा हेन्रिक गालेन आणि नॉकचं काम करणारा आलेक्झांडर ग्रानाख हे दोघंही ज्यू होते. नंतर दोघांनाही जर्मनी सोडावी लागली. कलावंतांचा हेतू काहीही असो, ती प्रतिमा पुढं कुणाच्या हाती लागली हे आपल्याला ठाऊक आहे. ओर्लोक झालेल्या नटाचं आडनाव श्रेक. जर्मनमध्ये त्याचा अर्थच धसका. ते त्याचं खरं आडनाव होतं.

आता एलेन. पुष्कळ लेखांत तिला ‘बळी’ म्हणतात. मला हा शब्द अपुरा वाटतो. ओर्लोकचं सगळं अमरत्व हिसकावण्यावर उभं आहे. खलाशी, हुटर, गाव, कुणीही त्याला काही दिलेलं नाही. त्यानं घेतलंय. देणं हा व्यवहार त्याला माहीतच नाही. म्हणून पोथीत अट अशी आहे की रक्त आपणहून दिलेलं असावं. घेणाऱ्याला पहिल्यांदाच कुणीतरी देतं आणि त्याचं भान सुटतं. रात्र सरत आल्याचं त्याच्या ध्यानात येत नाही, कारण कदाचित शेकडो वर्षांत पहिल्यांदा तो भुकेशिवाय दुसऱ्या कशात तरी गुंतलाय. जिन्यावरून चढणारी ती नखाळ सावली, मग एलेनच्या छातीवर सरकणारी हाताची सावली आणि काळजावर आवळलेली मूठ. हे सगळं सावलीत घडतं. नवऱ्याला तिनं आधीच प्राध्यापकांना बोलवायच्या निमित्तानं बाहेर पाठवलेलं असतं. निर्णय तिचा एकटीचा आहे.

ओर्लोकनंतर चित्रपटावर मरण आलं. ‘प्राना’नं स्टोकरच्या कादंबरीचे हक्क घेतले नव्हते, नुसती नावं बदलली होती. स्टोकर १९१२मध्ये वारला होता आणि त्याची विधवा फ्लोरेन्स हिचा त्या कादंबरीच्या मिळकतीवर बराच आधार होता. तिनं दावा लावला. कंपनी तोवर दिवाळखोरीत गेली होती, पैसे मिळण्याची आशा नव्हती. १९२५मध्ये जर्मन न्यायालयानं सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. फ्लोरेन्सचा राग मला समजतो. एकट्या बाईचं उत्पन्न विनापरवाना उचललं होतं, आणि मोठी कला झाली म्हणून तो अन्याय पुसला जात नाही. पण प्रती तोवर परदेशी पोचल्या होत्या. कुठं तुकडा, कुठं उपशीर्षकं बदललेली, कुठं क्रम बदललेला. पॅरिसच्या फिल्म संग्रहात १९२२ची रंगछटा असलेली एक प्रत निघाली. गेल्या काही दशकांत असे तुकडे जुळवून चित्रपट पुन्हा उभा केला गेला.

तेव्हा पाहायचा असेल तर ही जुळवलेली, रंगछटांची, साधारण दीड तासाची प्रत शोधा. काळीपांढरी नको. खोलीत अंधार करा आणि सुरुवातीच्या फुलांकडे लक्ष ठेवा. शेवटी एलेन उठते, खिडकीपाशी जाते, क्षणभर थांबते आणि दोन्ही दारं ढकलते, तेव्हा पडदा निळा असतो. समोरच्या वखारीच्या खिडकीत तो उभाच असतो.